नर्सीचा गाणारा : नामदेवांना कानानं वाचताना

मागच्या खेपेला आम्ही फार पुस्तकी बोललो, अशी तक्रार आमच्यापर्यंत पोचली. तक्रार रास्त आहे. तेहेतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला ही खोड लागतेच. आज विषय घरचा आहे. इथून, हिंगोलीतून, नर्सी काही लांब नाही, आणि आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या घरात परतवारीला नर्सीला जायची रीत आहे. तेव्हा नामदेव कोण हे आम्ही तुम्हांला सांगावं, हा उलटा प्रकार झाला. आम्ही एवढंच करणार आहोत: नामदेवांबद्दल आपण जे जे बोलतो त्यात एक गोष्ट राहून जाते, ती पुढं ठेवायची.

ती गोष्ट म्हणजे हा माणूस गाणारा होता.

तुम्ही म्हणाल, यात नवं काय? आद्य कीर्तनकार म्हणून त्यांचं नाव सगळे घेतात, तसबिरीत हातात वीणा असते, पायाशी टाळ असतात. खरं आहे. पण तसबिरीपुरतंच. पुढं आपण त्यांची गाथा उघडतो आणि डोळ्यांनी वाचायला लागतो. संत म्हणून नमस्कार करतो, कवी म्हणून अभ्यास करतो. गाणं रचणारा, ते स्वतः उभं राहून म्हणणारा, लोकांना मागं म्हणायला लावणारा, गावोगाव फिरणारा, म्हणजे ज्याला आज आपण लोकगायक, लोकशाहीर म्हणू, असा माणूस म्हणून त्यांना कोणी तपासत नाही. आम्हीही तपासलं नव्हतं. त्याची कबुली आधी देतो.

शासनानं १९७० साली, नामदेवांच्या सातव्या जन्मशताब्दीच्या निमित्तानं, गाथा काढली. जाडजूड ग्रंथ, दोन हजारांवर अभंग. आम्ही नोकरीला लागल्यावर ती प्रत घेतली आणि दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसलो. निळी खूण म्हणजे अस्सल नामदेव, तांबडी म्हणजे मागाहून घुसडलेलं. भाषा नवी दिसली, तांबडी. 'विष्णुदास नामा' अशी मुद्रा आली, तांबडी. विचार कच्चा वाटला, तांबडी. दोन उन्हाळे गेले. मग त्यावर एक निबंध वाचला, टाळ्या मिळाल्या. त्याच वर्षी कयाधूकाठच्या एका गावात सप्ताहाला गेलो होतो. काकडा झाल्यावर ओट्यावर बसून आम्ही हे सगळं मोठ्या उत्साहानं तिथल्या विणेकऱ्यांना सांगितलं. म्हातारा माणूस, शाळा जेमतेम. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुम्ही तांबड्या केल्या त्यातल्या चार तर आज पहाटं म्हणलो आम्ही. मग आता त्या कोणाच्या म्हणून म्हणायच्या?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. आज जे बोलतो आहोत ते त्या प्रश्नाचं, चाळीस वर्षं उशिरा दिलेलं, अर्धंमुर्धं उत्तर समजा.

आधी चरित्र, थोडक्यात. परंपरेनं दिलेला जन्म शके ११९२, कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे इसवी सन १२७०. वडील दामाशेटी, आई गोणाई, जात शिंपी. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा, म्हादा हे मुलगे, लिंबाई मुलगी, आऊबाई बहीण. घरात जनाबाई, गंगाखेडची. ज्ञानदेवांशी मैत्री, त्यांच्याबरोबर तीर्थयात्रा, १२९६ साली आळंदीला त्यांची समाधी डोळ्यांनी पाहणं. पुढं उत्तरेत, पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. १३५० साली शेवट. पंढरपूरचे लोक महाद्वारातली पायरी दाखवतात, घुमानचे लोक आपल्या गावातलं स्थान दाखवतात. आपल्याकडं नर्सीला समाधी आहेच. एका माणसाच्या तीन समाध्या. गाणाऱ्याचं असंच होतं. जिथं जिथं त्याचं गाणं राहिलं, तिथं तिथं तो गेला असं लोकांना वाटतं.

आता मुद्द्यावर येऊ. नामदेवांची गाणी दोन ठिकाणी मोठ्या संख्येनं टिकली. एक आपली मराठी गाथा, दुसरा शिखांचा गुरू ग्रंथसाहिब. त्या ग्रंथाची मूळ जुळणी गुरू अर्जुनदेवांनी १६०४ साली पुरी केली, आणि त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत. हे आपण शाळेत शिकतो, छाती फुगवतो, आणि पुढं जातो. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हाही छाती बरीच फुगली होती. पण ती ६१ पदं कशी लावली आहेत, हे पाहा. ती विषयानुसार नाहीत. ती रागांनुसार लावली आहेत, अठरा रागांत. पदाच्या माथ्यावर राग लिहिलेला, आणि पदाच्या आत 'रहाउ' अशी खूण असते. रहाउ म्हणजे थांबा, हे धरून ठेवा, पुन्हा पुन्हा या ओळीवर या. आपलं ध्रुपद.

आता आपली छापील गाथा उघडा. तिथं प्रकरणं आहेत: बालक्रीडा, तीर्थावळी, आत्मस्वरूप, नाममहिमा, समाधी. म्हणजे अभंग कशाबद्दल आहे ते सांगितलं आहे. तो कसा म्हणायचा हे कुठंच नाही. ओळीच्या शेवटी बारीक अक्षरात 'ध्रु.' एवढी एक खूण उरली आहे, तीही वाचताना आपण ओलांडून जातो. पंजाबनं आपल्या नामदेवांना कसं गायचं ते लिहून ठेवलं, आणि आपण ते काय म्हणाले ते लिहून ठेवलं. आम्हांला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा थोडी लाज वाटली. आता यात आपल्या पूर्वजांचा दोष नाही, बरं का. त्यांना चाल लिहायची गरज नव्हती, चाल त्यांच्या गळ्यात होती. शेजारी बसलेल्या टाळकऱ्याला कोण चाल लिहून देतो? लिहावं लागतं परमुलखात. अडचण आपली आहे, कारण आपल्याकडं पुस्तक राहिलं आणि गळे चाललेत.

हे एकदा ध्यानात घेतलं की पंडितांनी घातलेले बरेच वाद निराळे दिसायला लागतात. एक जुना वाद घेऊ. रा. गो. भांडारकर हे केवढे मोठे विद्वान. त्यांनी १९१३ सालच्या आपल्या वैष्णव-शैव पंथांवरच्या ग्रंथात शंका काढली की नामदेवांची मराठी ज्ञानेश्वरीपेक्षा फारच नवी दिसते, तेव्हा हे दोघे समकालीन नसावेत, नामदेव शंभरेक वर्षांनी नंतरचे असावेत. तर्क सरळ आहे. आमच्या तांबड्या पेन्सिलीमागं हाच तर्क होता.

पण ज्ञानेश्वरी ही पोथी. तिची नक्कल करणारा अक्षराला जपतो. तरीसुद्धा पाठ बिघडले म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध करायला बसावं लागलं. अभंगाची गोष्टच वेगळी. तो चारशे वर्षं तोंडात होता. जुना प्रत्यय जिभेला अडला की गाणारा तो सहज बदलतो, त्याला पत्ताही नसतो. आईनं शिकवलेली ओवी लेक सासरी नेते आणि दोन शब्द सासरचे घालते, तसंच. भाषा नवी दिसते ती गाणं नवं आहे म्हणून नव्हे, गाणं बंद पडलं नाही म्हणून. भांडारकरांनी पोथीचा नियम गाण्याला लावला. मोठ्या माणसाची चूकही आपल्याला शिकवते, म्हणून सांगितली.

या बाबतीत आम्हांला दोघांनी मार्ग दाखवला. एक जयपूरचे मुकुंद लाठ. हे तत्त्वज्ञ, आणि संगीताचे पक्के जाणकार. अशी जोडी दुर्मीळ. त्यांनी विनांद कालेवार्त यांच्याबरोबर नामदेवांच्या हिंदी पदांची १९८९ साली चिकित्सा केली. निरनिराळ्या हस्तलिखितांत एकच पद इतकं निराळं का, ओळी मागंपुढं का, याचा खुलासा त्यांनी लेखनिकाच्या चुकांत शोधला नाही. ही पदं लिहिली जाण्याआधी पिढ्यान् पिढ्या गवयांच्या तोंडी होती, आणि गवई गाताना पद वाढवतो, फिरवतो. दुसरे अमेरिकेतले क्रिश्चन ली नोवेत्झके. त्यांचं नामदेवांवरचं पुस्तक २००८ साली आलं. त्यांनी कीर्तनकारांच्या बाडांकडं लक्ष वेधलं. बाड म्हणजे काय हे इथं सांगायला नको. पोथी देव्हाऱ्यात असते, बाड पिशवीत असतं. त्यात आज जे गायचं ते, ज्या क्रमानं गायचं त्या क्रमानं लिहिलेलं असतं. मध्ये कोणाकडून किती रुपये येणं आहे तेही असतं. आम्ही ज्याला घुसडलेलं म्हणत होतो, ते या बाडांतून आलेलं आहे. तो गायकाचा उद्योग आहे. चोरीचा नव्हे.

आता 'नामा म्हणे' या शब्दांकडं बघू. पुस्तकात हे शब्द सहीसारखे दिसतात. कागदाच्या खाली सही, म्हणजे मजकूर माझा. पण भजनात 'नामा म्हणे' कोण म्हणतं? तुम्ही म्हणता. मागचे दहा टाळकरी म्हणतात. ती सही असती तर दहा जणांनी दुसऱ्याची सही केल्यासारखं झालं असतं. आम्हांला वाटतं ती सही नाहीच. ती जागा आहे. त्या शब्दांशी आलं की कळतं, आता अभंग वळतोय, आता शेवट, मृदंगवाल्यानं तयारीत राहायचं. आणि जो म्हणतो तो तेवढ्या वेळापुरता नामा होतो. विष्णुदास नामा सोळाव्या शतकातला, महाभारत मराठीत आणणारा स्वतंत्र कवी, हे आम्हांला मान्य आहे. त्याचं श्रेय त्याला मिळालं पाहिजे, नाहीतर मोठ्या नावाखाली लहान नाव गाडल्याचं पाप लागतं. पण जिथं कोणाचं ते सांगता येत नाही, तिथं तांबडी पेन्सिल खाली ठेवावी.

याच जागेवरून एक नाजूक विषय निघतो, आणि तो आपल्या औंढ्याशी जोडलेला आहे म्हणून टाळत नाही. गाथेत एक अभंग असा आहे की त्यात बोलणारा 'मी' आपण वाटमारी केली, माणसं मारली असं सांगतो, आणि नागनाथाच्या देवळाशी एका विधवेचा आक्रोश ऐकून पालटतो. यावरून नामदेव आधी दरोडेखोर होते असं काहींनी लिहिलं. ते वाचून शिंपी समाजातले लोक दुखावले, आणि तो राग आम्हांला समजतो. दामाशेटीचं, गोणाईचं, लहानपणी देवाला नैवेद्य खाऊ घालणाऱ्या पोराचं चरित्र एकीकडं, आणि हे दुसरीकडं. दोन्ही एका आयुष्यात बसत नाहीत. अभ्यासकांनी सांगितलं, हा दुसरा कोणी नामा. असेल. आम्ही म्हणतो, गाण्यातला 'मी' हे कोर्टातलं प्रतिज्ञापत्र नव्हे. लावणीत पुरुष शाहीर बाईच्या 'मी'नं बोलतो, तेव्हा आपण त्याला बाई म्हणतो काय? भारुडातला जोशी खरोखर पंचांग घेऊन आलेला असतो काय? कीर्तनकार पापी माणसाच्या तोंडून बोलतो, कारण समोर बसलेल्या पापी माणसाला बोलायची लाज वाटत असते.

आणि नामदेव असं बोलण्यात फार तरबेज होते. गाथेत त्यांच्या घरच्या माणसांचे अभंग आहेत. गोणाई विठ्ठलाशी भांडते, माझं लेकरू तू बिघडवलंस म्हणते. राजाई घरात दाणा नाही म्हणून गाऱ्हाणं मांडते. नवरा टाळ कुटत बसतो, पोरं उपाशी, लोक हसतात. मुलांचे अभंग, सुनेचे अभंग. सबंध घर गाणारं होतं असं आपण कौतुकानं म्हणतो, आणि जनाबाईच्या बाबतीत ते निःशंक खरं आहे. जनाबाई हा स्वतंत्र, आमच्या मते काही ठिकाणी नामदेवांहून मोठा आवाज आहे. पण गोणाई आणि राजाईचे अभंग डोळे मिटून ऐका. पहिल्यात आई बोलते, दुसऱ्यात मुलगा उत्तर देतो, तिसऱ्यात देव मध्ये पडतो. हे नाटक आहे हो. एक माणूस वाळवंटात उभा राहून तीन आवाज काढतो आहे. आवाज जाड करून देव, बारीक करून आई. आणि समोर बसलेल्या बायका, ज्यांच्या घरात असलाच एखादा नवरा आहे, त्या राजाईच्या बाजूनं माना हलवताहेत. नामदेवांनी राजाईला दिलेला युक्तिवाद इतका सबळ आहे की त्यावर त्यांना स्वतःला नीट उत्तर देता आलेलं नाही. उत्तर म्हणून ते देवाचं नाव घेतात. तत्त्वज्ञानाच्या परीक्षेत आम्ही त्याला दहातले चार गुण दिले असते. राजाईला आठ.

त्यांच्या गाण्यातलं उत्तम काय, असं कोणी विचारलं तर आम्ही आळंदीच्या समाधीच्या अभंगांकडं बोट दाखवतो. पंचवीसेक वर्षांचा तरुण आपल्याहून लहान मित्राला जिवंतपणी शिळेआड जाताना पाहतो. तिथं तो तत्त्वज्ञान सांगत नाही. आत्मा अमर आहे वगैरे म्हणायची सगळी सोय होती. ज्ञानदेवांचाच प्रसंग होता. तो काय करतो? शेतकऱ्याच्या घरातली एकेक वस्तू उचलतो. बांधलेल्या पेंढीचा बंध सुटून काड्या पांगाव्यात. भरलेल्या तळ्याला खिंडार पडून पाणी वाट फुटेल तिकडं धावावं. आईबाप गेले तेव्हा नव्हतं एवढं दुःख आज निवृत्तीनाथांना झालं, असं साधं विधान. पुस्तकात या उपमा ओळीनं आलेल्या दिसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, एक पुरे होती. पण गाऊन पाहा. मोठ्या अभंगाचा साचा बघा: सहा अक्षरं, सहा अक्षरं, सहा अक्षरं, आणि मग चार. मधल्या दोन चरणांची अक्षरं जुळतात, आणि शेवटचा आखूड चरण मोकळा राहतो. त्या आखूड तुकड्यात गाणाऱ्याला श्वास घेता येतो आणि मागच्यांना ओळ उचलता येते. प्रत्येक उपमेनंतर दहा माणसं ती पुन्हा म्हणतात. म्हणजे पेंढी एकदा सुटत नाही, अकरा वेळा सुटते. दुःख असं सावकाश आत जातं. ही करामत कागदावर दिसणारच नाही.

तशीच त्यांची कमजोरीही गाण्यातलीच आहे, आणि ती सांगितली पाहिजे. नाममहिम्याचे अभंग ओळीनं वाचायला घ्या. विसाव्या अभंगाला जांभई येते. तेच दृष्टांत, तेच अजामिळ, तीच गणिका, तोच गजेंद्र. भक्त मंडळी आम्हांला माफ करोत, पण हे भरताड आहे. गायकाला भरताड लागतं. कीर्तनात लोक अजून यायचे असतात, टाळ जुळायचे असतात, तेव्हा असली गाणी चालतात, कारण ती म्हणायला डोकं लागत नाही. चांगल्यातल्या चांगल्या शाहिराकडं असली दहावीस गाणी असतातच. ती सगळी गोळा करून गाथेत एकापाठोपाठ छापली, यात त्यांचं नुकसान झालं. हजार अभंग कमी असते तर नामदेव मोठे कवी ठरले असते, असं आमचे एक सहकारी म्हणत. पण मग गाणारे कुठले राहिले असते! तुकोबांनी सांगून ठेवलंय की नामदेव स्वप्नात येऊन आपलं उरलेलं कवित्व पुरं करायला सांगून गेले. संख्या कोटींत सांगितलेली आहे. मोजदाद गाणाऱ्याची आहे, कवीची नाही. कवी किती लिहिलं हे मोजत नाही, गायक किती गायलं हे मोजतो.

आता विसोबा खेचर. ही कथा आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. गोरोबा थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर मारून बघतात, नामदेव चिडतात, गोरोबा म्हणतात हे मडकं कच्चं. मग नामदेव औंढ्याला येतात, तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय हलवा म्हणलं तर म्हणतात, जिथं देव नाही तिथं ठेव. जिथं पाय ठेवावेत तिथं पिंड. आम्ही यावर सर्वव्यापी ब्रह्म शिकवायचो आणि तास संपायचा. एक साधी गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नव्हती, ती बाजारात मडकं घेताना बायकोनं दाखवली. मडकं बघून घेत नाहीत, वाजवून घेतात. पक्कं असेल तर खणकन वाजतं, कच्चं बद्द वाजतं. म्हणजे गोरोबांची परीक्षा कानाची होती!

नेहमीची मांडणी अशी: विसोबांच्या उपदेशाआधी नामदेव सगुणात अडकलेले, नंतर निर्गुणात गेले, मराठी अभंग भावुक, पंजाबातली पदं ज्ञानाची. चढता आलेख. आम्हांला आता हा आलेख पटत नाही. ग्रंथसाहिबात कोणती पदं घ्यायची हे ठरवणारे निर्गुणाचे उपासक होते, त्यांनी आपल्याला जुळणारी घेतली. पंढरीच्या फडांनी विटेवरच्या देवाशी भांडण करणारी ठेवली, कारण ती त्या देवापुढं उभं राहून म्हणायची होती. श्रोत्यांनी निवड केली, आणि आपण तिला कवीच्या आत्म्याची वाढ समजून बसलो. आणि तिकडच्या पदांतही शिंपी सुटलेला नाही. गज, कात्री, सुई, दोरा घेऊन तो मनाचं आणि जिभेचं काम सांगतो. पंजाबात त्याला छिपा म्हणतात, कापडावर छापे मारणारा. धंदा थोडा बदलला, कापड तेच राहिलं.

एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडं एकमत आहे, आणि ती औंढ्याची. देवळात गात होता, जातीवरून उठवलं, तो देवळामागं जाऊन गायला लागला, आणि देऊळ फिरून त्याच्याकडं तोंड करून उभं राहिलं. आपल्याकडं महिपतींच्या वेळेपासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, ही कथा सर्वतोमुखी आहे, आणि नंदी मागल्या बाजूला आहे तो त्यामुळं, असं औंढ्याला कोणीही सांगेल. पण तीच गोष्ट ग्रंथसाहिबातल्या पदात खुद्द त्यांच्या तोंडून आलेली आहे, गावाचं नाव न घेता, आणि महिपतींच्या दीडशे वर्षं आधी लिहून ठेवलेली. त्या पदात हसतखेळत देवळात आलेला माणूस आहे, त्याला धरून बाहेर काढलेलं आहे, घोंगडं उचलून तो मागं जाऊन बसलेला आहे, आणि शिंप्याच्या जन्माला का घातलंस हा प्रश्न आहे. चमत्काराचं आम्हांला बोलायचं नाही. दगड फिरतो की नाही हे भूगर्भवाल्यांनी पाहावं. आम्हांला दिसतं ते एवढंच की ज्याला आपण आज आद्य कीर्तनकार म्हणतो, त्याला कीर्तन करू दिलं गेलं नव्हतं, आणि हे तो विसरला नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत पडून चोखोबा गेले तेव्हा ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी उचलून आणायला तोच गेला, असं परंपरा सांगते. ज्याला देवळातून उठवलं तो, ज्याला देवळात जाताच येत नव्हतं त्याला आणायला गेला. आणि स्वतःसाठी जागा निवडली ती पायरीची. आपण त्यावर फार गहिवरतो. गहिवरून झालं की पायरी ओलांडून आत जातो.

वेळ होत आला. (श्रोत्यांतून एक प्रश्न : सर, काही लोक जन्मगाव पंढरपूर सांगतात, काही कऱ्हाडकडची नरसी सांगतात, तर आपली नर्सी नक्की का?)

हा प्रश्न येणार हे आम्हांला ठाऊक होतं. हिंगोलीत येऊन याचं उत्तर दुसरं दिलं तर चहा मिळायचा नाही. आमचा कौल आपल्या नर्सीकडं आहे. मुख्य कारण असं की विसोबा, औंढा, गंगाखेडची जनाबाई, हा सगळा गोतावळा याच टापूतला आहे. घराणं पुढं पंढरपूरला गेलं आणि नामदेव तिथं वाढले, यात कोणाचा वाद नाही. पण याला पुरावा म्हणू नका, अनुमान म्हणा. आणि पंजाबातून नर्सीला येणाऱ्या भाविकांना हा वाद माहीतही नसतो. ते येतात, गुरुद्वारात बसतात, रागात पद म्हणतात. आम्ही एकदा बाहेर उभं राहून ऐकलं. शब्द अर्धे कळले. त्याच वेळी नदीकडून आपल्या भजनाचा आवाज येत होता. दोन्हीकडं नामदेवच चालू होते, आणि एकमेकांचा ठेका चुकवत होते.

त्या विणेकऱ्यांचं सांगायचं राहिलं. ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या काकड्यातल्या चार अभंगांची चाल आम्ही दुसऱ्या कुठं ऐकली नाही. आमच्या गाथेत त्या चारींवर तांबडी खूण अजून आहे. शब्द आहेत, चाल आम्हांला म्हणता येत नाही, आणि आता त्या गावात सप्ताहाला कर्णा लागतो, चाली सिनेमाच्या असतात. त्यांचं बाड होतं. आम्ही नंतर विचारायला गेलो, तर मुलानं सांगितलं, जुनं झालं होतं, कसर लागली होती, म्हणून शास्त्राप्रमाणं कयाधूत सोडलं.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरी आजोबांची, पणजोबांची बाडं असतील, माळ्यावर, ट्रंकेत. पानं फाटलेली असोत, मध्ये हिशोब असोत, अक्षर लागत नसो. नदीत सोडू नका. इथं घेऊन या, आम्ही प्रत करून मूळ तुम्हांला परत देऊ. आणि घरात कोणाला जुनी चाल येत असेल तर आधी ती मोबाइलमध्ये घ्या. बाड एक दिवस उशिरा आलं तरी चालेल. पुढच्या खेपेला जनाबाई.